फेतिन्याने झाकून ठेवलेलं नाव

आमच्या मठाचे पाव चांगले, असं नोव्हगोरोदमध्ये सगळे म्हणायचे. आमची प्रार्थना चांगली, असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्यात काही चूक नव्हती, कारण प्रार्थना आम्ही करायचो आणि पाव फेतिन्यामावशी करायची.

वेदीसाठी लागणारे हे पाव मुठीएवढे असतात, गोल, दोन थरांचे, वर क्रुसाचा ठसा. ते करणारी बाई विधवा लागते, एकदाच लग्न झालेली, आणि पीठ मळताना तिने प्रार्थनेशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. पहिल्या दोन अटी मावशी पुऱ्या करत होती. तिसरीही पाळायची, पण मळताना पोटात साठलेलं सगळं नंतर माझ्या डोक्यावर ओतायची. "ओनिसिम, सरपण ओलं पाठवलंस." "ओनिसिम, आज वाचलंस की खोकलास? बोकड बरा तुझ्यापेक्षा." मी या मठाचा वाचक आणि लेखनिक. दीक्षा घेतलेली नाही. बायको लवकर गेली, मग इथेच पडून राहिलो. मावशी माझ्याहून अठरा वर्षांनी मोठी, आणि मला आईच्या जागी होती असं मी लिहिलं तर ती वरून हसेल. आईच्या जागी असलेल्या बाईशी मी जे केलं ते कुणी करत नाही.

ती आता नाही. झारही नाही. म्हणून लिहितो आहे. दोघांपैकी एक जरी असता तरी माझा हात उचलला नसता, हेही इथेच सांगून टाकतो.

मावशीचा नवरा शुमिलो होड्या बांधायचा. त्यांना चार मुलं झाली आणि चारही वर्षाच्या आत गेली. पाचव्या वेळी सुईण म्हणाली, "बाई गं, मरणाला तुझ्या घराचा पत्ता पाठ झालाय. आता त्याला फसवायला हवं." मग आमच्याकडे करतात तसं त्यांनी केलं. बाळ जन्मल्या जन्मल्या खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या भिकारणीच्या हातात दिलं. भिकारीण घराला वळसा घालून दारातून आत आली आणि म्हणाली, "हे पोर मला वाटेत सापडलं, घ्यायचं का?" शुमिलोने एक भाकर देऊन ते घेतलं. म्हणजे पोर आता या घरचं नव्हतंच. नाव ठेवलं नेनाश. नेनाश म्हणजे 'आमचा नाही'.

तशी आमच्यात प्रत्येकालाच दोन नावं. एक हाक मारायचं, दुसरं बाप्तिस्म्याचं, देवाजवळचं. हाकेच्या नावाने माणूस जेवतो, भांडतो, कामाला जातो. देवाजवळच्या नावाने त्याच्यासाठी प्रार्थना होते, जिवंतपणी आणि मेल्यावरही. दुसरं नाव बायका जरा जपूनच ठेवतात, नजर लागू नये म्हणून. पण मावशीने ते जसं जपलं तसं कुणी सोनंसुद्धा जपत नसेल. ते ठाऊक होतं चौघांना: ती, शुमिलो, सुईण आणि ज्यांनी बाप्तिस्मा दिला ते सावाबाबा. नेनाशला स्वतःला सातव्या वर्षी पहिल्या पापनिवेदनाच्या वेळी कळलं, आणि त्याच दिवशी आईने त्याला शपथ घातली, "माझ्याशिवाय कुणाला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील." सावाबाबासुद्धा प्रसाद देताना ते नाव त्याच्या कानात पुटपुटायचे.

पोरगा जगला. शुमिलो मात्र त्याच्या सहाव्या वर्षीच ओंडक्याखाली सापडून गेला होता. तेव्हापासून मावशी मठाच्या फाटकाबाहेरच्या झोपडीत राहायला आली आणि पावाची भट्टी तिने हातात घेतली. पोरगा उंच झाला, गोरापान, केस जवसाच्या रंगाचे. बाजारात कुणी अनोळखी बाई थांबून विचारायची, "काय गं, हा तुझा का?" की मावशी ताडकन म्हणायची, "नेनाश!" एका दगडात दोन पक्षी. नावही सांगून झालं आणि मरण जवळपास कुठे कान देऊन उभं असेल तर त्याला उत्तरही देऊन झालं. अठरा वर्षं ती हेच उत्तर देत होती. विचारणारी बाई गेली की दोघं मायलेक खुदुखुदू हसायचे.

आता झारचं. त्याच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ आहेत, मी थोडक्यात आटोपतो. तीन वर्षांचा असताना त्याचा बाप गेला, मग आई गेली, सरदारांनी त्याला राजवाड्यातच अनाथासारखं वाढवलं. जेवण वेळेवर मिळत नव्हतं म्हणतात. मोठा झाल्यावर त्याने कझान जिंकलं, तेव्हा माझ्या बापाने अख्ख्या गल्लीला मधाची दारू पाजली होती. मग त्याची लाडकी राणी गेली आणि त्याच्या डोक्यात संशय शिरला. काळ्या कपड्यांचे घोडेस्वार त्याने उभे केले. खोगिराला कुत्र्याचं मुंडकं आणि केरसुणी बांधून ते हिंडायचे. द्रोह हुंगून काढायचा आणि झाडून टाकायचा. हे सगळं मावशीला सांगितलं की ती म्हणायची, "लहानपणी त्याला कुणी छातीशी घेतलं नाही म्हणून तो असा झाला होय? माझ्या चौघांना मी छातीशी घेतलं, ते गेले. ज्याला कुणी घेतलं नाही तो बघ कसा जगलाय."

आमचं शहर शत्रूला मिळणार आहे असं कुणीतरी त्याच्या कानात फुंकलं. आणि नेनाश अठरा वर्षांचा होता त्या जानेवारीत, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, तो स्वतः सैन्य घेऊन आला.

आमच्या मठात स्वार शिरले ते सणाच्या दुसऱ्या दिवशी. संन्याशांना अंगणात ओळीने उभं करून दंडुक्यांनी मारलं. मठाधिपती तिथेच संपले. मलाही पाठीवर पडले, किती ते मी मोजले नाहीत. मग हुकूम सुटला की शहरातून पळून मठात लपलेल्या लोकांना वेगळं काढा. मठाची गडीमाणसं सोडा, बाहेरचे झारच्या छावणीवर न्या. छावणीवर नेलेल्यांचं काय होत होतं ते आम्हाला आदल्या दिवशीच कळलं होतं.

भट्टीच्या दाराशी एक स्वार आला. तरुण होता, तोंडावर वांगाचे ठिपके. त्याने फळीवरचा गरम पाव उचलला आणि खायला लागला. आत मावशी होती, कोपरापर्यंत पीठ लागलेली, आणि शेजारी नेनाश. आता दुर्दैव कसं असतं बघा. एरवी तो फाटक्या सदऱ्यात, काजळी माखलेला असायचा. पण सण होता. मावशीने हिवाळाभर शिवलेला पांढरा सदरा त्याने घातला होता, गळ्याला लाल दोऱ्याचं भरतकाम. एखाद्या व्यापाऱ्याचा पोरगा वाटत होता.

"हा तुझा का गं?" स्वाराने पाव चावत विचारलं.

जीभ मनाला विचारत नाही. अठरा वर्षं जे उत्तर दिलं तेच आलं.

"नेनाश," मावशी म्हणाली.

"नाही ना? खरं बोललीस, बरं केलंस." स्वाराने मान हलवली आणि दोघांनी नेनाशला दंडाला धरून बाहेर ओढलं.

मग कुठे तिला कळलं की ती काय बोलली. तशीच पिठाच्या हातांनी ती धावत आली. "अहो, नाव आहे ते! नावच तसं आहे त्याचं! माझा आहे हो, पोटचा आहे!"

"मघाशी नव्हता, आता पोटचा झाला?" स्वार हसला. "सकाळपासून अशा अकरा आया भेटल्यात मला." पण तो अगदीच दगड नसावा, कारण घोड्यावर बसता बसता थांबला. "बरं, नेनाश हे हाकेचं नाव. मग देवाजवळचं सांग. आईला ठाऊक असणारच की."

मी अंगणात बर्फावर पडलो होतो, दहा पावलांवर. मला तिचं तोंड दिसत होतं. ते उघडलं होतं. पण शब्द येईना. तिच्या जागी स्वतःला ठेवून मी पुष्कळदा बघितलं आहे. अठरा वर्षं ज्याच्यापासून ते नाव लपवलं, ते मरण समोर घोड्यावर बसलंय, हातात तिचाच पाव घेऊन, आणि म्हणतंय, नाव सांग. कसं सांगायचं? नेनाशने आईकडे बघितलं. सांगू का, असं विचारत असल्यासारखं. शपथ घातलेली होती ना. तोही बोलला नाही.

"मठातल्या कुणालाही विचारा!" ती ओरडली. "ओनिसिमला विचारा!"

स्वाराने माझ्याकडे बघितलं. "काय रे? हा हिचा?"

खोटी साक्ष देणाऱ्याला पकडलेल्यांच्याच घसरगाडीत घालू, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. माझी साक्ष खोटी नव्हती. नेनाशला मीच अक्षरं शिकवली होती. फक्त 'हो' म्हणायचं होतं. मी डोळे मिटून घेतले. बेशुद्ध असल्याचं सोंग केलं.

घसरगाडी फाटकातून गेली. मी डोळे उघडले तेव्हा मावशी बर्फावर बसली होती आणि हातावरचं पीठ वाळून भेगाळलं होतं.

वोल्खोव नदीच्या पुलावरून त्या पाच आठवड्यांत माणसं पाण्यात कशी लोटली ते इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, मी जास्त लिहीत नाही. सावाबाबाही त्यातच गेले. पुलाखाली नदी गोठत नाही. नेनाश सापडला नाही. पण सगळ्यांनाच पुलावर नेलं नव्हतं, काहींना बेड्या घालून मॉस्कोकडे हाकलत नेलं होतं. मावशीने ते घट्ट धरलं. वर्षभराने एका फेरीवाल्याने सांगितलं की तिकडे नोव्हगोरोदची पोरं दगड फोडताना बघितली, त्यात एक जवसाच्या केसांचा होता. जवसाच्या केसांची पोरं आमच्याकडे पोत्याने मिळतील, पण तिला तेवढं पुरलं.

आधी दुष्काळ पडला, आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तशी साथही आली. सुईणही त्यात गेली. मावशी उठली, भट्टी पेटवली आणि पाव करायला लागली. रोज सकाळी वेदीपाशी पावाचे कण काढतात, काही जिवंतांच्या नावाने, काही मेलेल्यांच्या. लोक चिठ्ठ्या देतात. पाव करणारीनेच कधी चिठ्ठी दिली नाही. एकदा नवे मठाधिपती गेलासीबाबा तिला म्हणाले, "बाई, मुलाचं नाव द्या, आम्ही जिवंतांत घेतो."

"नेनाश घ्या."

"नेनाश नावाचा संत नाही. देवाला ते नाव कळणार नाही."

"न कळू दे. मरणालाही कळायचं नाही."

अशी तेरा वर्षं गेली. तो जिवंतांतही नव्हता आणि मेलेल्यांतही नव्हता. ती मात्र त्याचे कपडे दर वसंतात उन्हात घालायची, आणि जरा मोठे शिवायची. "आता तो एकतीस वर्षांचा असेल. खांदे भरले असतील की नाही?" असं मलाच विचारायची. मी म्हणायचो, "भरले असतील, मावशी."

मग मॉस्कोहून यादी आली.

त्याच्या आधीचं वर्ष सगळ्यांना माहीत आहे. झारने रागाच्या भरात हातातली काठी मारली आणि स्वतःचा मोठा मुलगा, राजपुत्र, मारला. त्यानंतर त्याला म्हणे झोप लागेना. त्याने कागदपत्रं धुंडाळून आपण मारलेल्यांची यादी करवली आणि मठामठांतून पाठवली, सोबत दान, की यांच्यासाठी प्रार्थना करा. आणि राजपुत्रासाठी तर रोज, न चुकता. यादी नकलायला माझ्याकडे आली. कुठे नावं होती, कुठे नुसताच आकडा. आमच्या शहरापुढे लिहिलं होतं, दीड हजाराच्या आसपास, 'ज्यांची नावं, प्रभो, तुलाच ठाऊक.'

"वाच," मावशी म्हणाली. मी सगळी वाचली. ती हाताची घडी घालून ऐकत होती.

"झालं?"

"झालं."

"करून करून भागला आणि देवपूजेला लागला," ती म्हणाली. "आणि देवालाच ठाऊक म्हणजे काय? मारणाऱ्याला ठाऊक नव्हतं? मारायच्या आधी विचारायला काय झालं होतं, तोंड दुखत होतं?"

"एकाने विचारलं होतं," माझ्या तोंडून निघून गेलं.

ती म्हणाली, "हो. विचारलं होतं."

त्या वेळी मी जे बोललो ते मला आजही परत गिळता आलेलं नाही. पण मग धीर करून म्हणालो, "मावशी, नाव दे. यादीत समासात जागा आहे, मी घालतो. आता तर झारनेच परवानगी दिलीय. त्याच्यासाठी कुणी एक कणही काढलेला नाही गं इतक्या वर्षांत."

"आणि तो जिवंत असला तर?"

जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत वाचलं तर तो मरतो. वैरी लोक पैसे देऊन असं वाचून घेतात आमच्याकडे. आणि नाही वाचलं, आणि तो मेलेला असला, तर तो तिकडे अंधारात चाचपडत असेल, हाक मारणारं कुणी नाही. इतकी वर्षं ती या दोहोंच्या मध्ये उभी होती. कुठेही पाऊल टाकलं तरी पोराच्याच अंगावर पडणार होतं.

त्या वर्षी तिची आणखी एक खोड सुरू झाली होती. सकाळी राजपुत्राची प्रार्थना लागली की ती तरातरा बाहेर जायची, दोन्ही कानांवर हात ठेवून. मी तिला रागावलो, "मावशी, अगं कुणी चुगली केली तर? निदान हात तरी काढ."

"तू तुझं खोक," ती म्हणायची.

ऑक्टोबरच्या शेवटी मेलेल्यांचा शनिवार येतो. त्याच्या आदल्या दिवशी पलीकडच्या काठावरचा म्हातारा कोळी सुदाक मरायला टेकला आणि त्याने मावशीला बोलावणं पाठवलं. दोन घटकांनी ती परत आली ती सरळ माझ्या खोलीत. बसली नाही.

"सुदाकला त्या वेळी होडी वल्हवायला लावली होती," ती म्हणाली. "पुलाखाली. होडीत दोन स्वार, हातात भाले, वर येईल त्याला खाली दाबायला. त्याने सदरा ओळखला. गळ्याचं भरतकाम. मी बाजारात त्याला आणि त्याच्या बायकोला दाखवलं होतं ना, सणाच्या आधी. इतकी वर्षं तो माझ्याकडे मासे आणून देतोय, ओनिसिम. आणि पैसे घेत नव्हता. मी म्हणायची, भला माणूस."

काय बोलणार, मी कुठल्या तोंडाने सुदाकला नावं ठेवणार?

"लेखणी घे."

मी घेतली. शाईत बुडवली.

"इवान," ती म्हणाली.

माझा हात थांबला. यादीच्या पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत, तेच नाव होतं. राजपुत्र इवान. बापाचंच नाव ठेवलेला. रोज सकाळी मी वाचत होतो, 'देवाचा सेवक इवान, त्याच्या आत्म्याला शांती मिळो.'

"हो," मावशी म्हणाली. "म्हणून कान झाकायची. वर्षभर रोज सकाळी तू ते नाव मेलेल्यांत घ्यायचास. मला वाटायचं, माझा कुठेतरी दगड फोडत असेल, आणि इथून हा बोकड रोज त्याला मारतोय."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर ते नाव घेतल्यासारखंच झालं असतं."

मी लिहिलं. इवान. शाई वाळेपर्यंत ती बघत उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण एवढीशी अक्षरं बघून म्हणाली, "एवढंच? मला वाटलं, लांब असेल." मग मी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी अंगणात मी शुद्धीवर होतो."

"माहीत आहे. तुझ्या पापण्या हलत होत्या."

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? माझंच तोंड चाललं नाही, तुझ्याकडून कशाला मागू?" असं म्हणून ती पीठ भिजवायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी यादी वाचली. समासातलं नाव आलं तेव्हा ती भिंतीपाशी उभी होती, हात खाली. मी ते नाव आयुष्यात कधी वाचलं नसेल तसं वाचलं. खोकलो नाही. गेलासीबाबांनी तिच्याच पावातून कण काढला आणि ताटलीत ठेवला. ती बाहेर गेली ती थेट पुलाच्या दिशेने. मला भीती वाटली, मी मागोमाग गेलो.

तिने भलतंसलतं काही केलं नाही. पाण्याच्या काठाला गुडघ्यांवर बसली आणि टाहो फोडला. आमच्याकडे घरात माणूस गेलं की त्याच दिवशी बायका असा टाहो फोडतात, नाव घेऊन, सूर लावून. तिचा राहून गेला होता. "इवाना रे, माझ्या लेकरा! खिडकीतून गेलास, दारातून आलास, मी तुला आपला म्हटलं नाही रे! पाणी गार होतं का रे, इवाना? हाका मारल्यास का रे? देवाला आपलं कुठलं नाव सांगितलंस?" एकदा उघडल्यावर ते नाव थांबेचना. अठरा आणि तेरा, एकतीस वर्षांचं सगळं एका दमात बाहेर येत होतं. काठावर कपडे धुणाऱ्या बायका उठल्या. कोण, कशासाठी, कुणी विचारलं नाही. प्रत्येकीचं कुणीतरी त्या पाण्यात होतं. त्याही तिच्याभोवती बसून रडायला लागल्या.

तेवढ्यात पुलावरून सुभ्याचा एक अधिकारी चार स्वार घेऊन आला. या खेपेचे काळ्या कपड्यांतले नव्हते, ते दिवस संपले होते. साधे स्वार, अधिकारी पोक्त, पिकल्या दाढीचा. घोडा थांबवून तो ऐकत राहिला. मग मला म्हणाला, "मठाचा ना तू? ही बाई कोण?"

"आमच्या मठाची पाव करणारी, हुजूर."

"इवान, इवान म्हणून रडतेय. राजपुत्रासाठी का?"

त्याचा आवाज दरडावणीचा नव्हता. उलट हळवाच झाला होता. मी 'नाही, तिच्या मुलासाठी' म्हटलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. मेलेल्यांची यादी झारनेच पाठवली होती, नाव लिहायला मठाधिपतींची ना नव्हती. तो माणूस बहुतेक मान हलवून पुढे गेला असता. हे सगळं मला आता इथे बसून सुचतं. तेव्हा मला फक्त घोड्याचे पाय दिसले, आणि वरून कुणीतरी विचारतंय एवढंच ऐकू आलं.

"हो, हुजूर," मी म्हणालो. "राजपुत्रासाठीच."

अधिकाऱ्याने टोपी काढली, क्रुसाची खूण केली. घोड्यावरून उतरून मावशीजवळ गेला आणि तिला कमरेतून वाकून नमस्कार केला. "माते," तो म्हणाला, "मी वर कळवीन. नोव्हगोरोदच्या गरीब बायकासुद्धा राजपुत्रासाठी अशा रडतात, हे ऐकून झारच्या जिवाला बरं वाटेल." त्याचे डोळे खरंच पाणावले होते. मग ते निघून गेले.

बायका गप्प झाल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एकेक करून आपापल्या कपड्यांकडे गेल्या. मावशी गुडघ्यांवरच होती. तिचा टाहो मध्येच तुटला तो परत लागला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढे लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, उपासात ती गेली तोवरही नाही. मी तिला उठवायला हात पुढे केला. तो तिने धरला, कारण गुडघे दुखत होते. उभी राहिली, डोक्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं.

"मावशी, मी घाबरलो गं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला पेलला असता. "पण ओनिसिम, 'आमचा नाही' असं मी निदान चुकून म्हणाले होते."